नवरीची गाडी

गौरांगची निळी गाडी अमरावतीच्या त्याच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीची होती. गाडी तशी जुनीच, डिकीवाली साधी सेडान. एका निवृत्त डॉक्टरांकडून त्याने ती घेतली तेव्हा छताचा रंग उडालेला होता आणि मागच्या सीटला कुत्र्याचा वास येत होता. चार-पाच वर्षांत त्याने तिचं रूपच पालटून टाकलं. रंग नवा, चाकं नवी, स्टिअरिंगला चामड्याचं आवरण, नवे स्प्रिंग टाकून गाडी दोन बोटं खाली बसवलेली. बरीचशी कामं त्याने स्वतः केली होती. पेशाने तो वकील, दिवाणी कोर्टात प्रॅक्टिस करायचा. पण त्याच्या कपाटात कायद्याच्या पुस्तकांइतकेच नटबोल्टचे पाने आणि रॅचेट होते, आणि एखादा बोल्ट काढला की तो कागदावर ठेवून शेजारी त्याची जागा लिहून ठेवायची त्याला सवय होती.

रविवारी ऊन चढायच्या आत तो दोन बादल्या घेऊन खाली उतरायचा. एक साबणाची, दुसरी फडकं खळबळायची. "एकाच बादलीत फडकं बुडवणारा माणूस गाडी धुत नाही, ओरबाडतो," असं तो शेजाऱ्यांना ऐकवायचा. त्याची बायको चारुता कॉलेजात मराठी शिकवायची. ती गॅलरीतून हे बघायची आणि म्हणायची, "माझ्या साडीला तरी इतक्या हळू हात लावत जा." तो हसायचा आणि फडकं पिळायचा.

त्या वर्षी मार्चमध्ये त्याने रंगावर महागाचं कोटिंग करून घेतलं. गाडी काचेसारखी दिसायला लागली. कोटिंगवाल्याने बजावलं, की काही दिवस हिच्यावर काही चिकटवू नका, टेप तर अजिबात नको. आणि एप्रिलमध्ये अकोल्याहून मामाचा फोन आला.

महादेवराव हे गौरांगच्या आईचे धाकटे भाऊ. अकोल्याजवळ त्यांची शेती होती आणि जठारपेठेत घर. आई गेल्यावर गौरांगला आजोळ म्हणून जे काही उरलं होतं ते या घरात होतं. मामाच्याच शेतात, मामाच्याच जुन्या जीपवर तो गाडी चालवायला शिकला होता. आणि आता मामांच्या एकुलत्या एका मुलीचं, आचलचं, लग्न ठरलं होतं.

"भाचेराव, एक काम होतं," मामा फोनवर म्हणाले. "आचल हट्ट धरून बसली. म्हणते, बिदाई होईन तं दादाच्या निळ्या गाडीतच. मी म्हणलं इचारून पाहतो. तुले जमन काय?"

गौरांगच्या डोळ्यांसमोर एका क्षणात सगळं उभं राहिलं. बॉनेटवर टेपने चिकटवलेली झेंडूची माळ, दारावर बदामाच्या आकारात लिहिलेली नावं, हळदीच्या हातांचे ठसे, सीटवर सांडलेलं सरबत, वरातीत नाचता नाचता बॉनेटवर टेकलेला कुणीतरी पाहुणा. आणि जठारपेठेतले ते उंच गतिरोधक, ज्यांच्यावर गाडीचं पोट हमखास घासणार. एका मित्राच्या गाडीचा रंग असाच टेपबरोबर सोलून निघालेला त्याने पाहिला होता.

"मामा, दिली असती हो," तो बोलून गेला, "पण गाडी बंद पडली ना. पाण्याचा पंप गेला. पार्टच मिळून नाही राहिला. लग्नापर्यंत होईल असं वाटत नाही."

"अरे! काय म्हणतं!" मामांचा आवाज एकदम हळहळला. "मंग तू कोर्टात कसा जाऊन राहिला?"

"चारुताच्या स्कूटरवर."

"राहू दे मंग, राहू दे. आचलले मी समजावतो. तू टेन्शन नको घेऊ, बापा."

फोन ठेवल्यावर त्याने पाहिलं तर चारुता दारात उभी होती.

"हे काय होतं?"

"नाही कसं म्हणू त्यांना? तोंडावर नाही म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं."

"म्हणून खोटं बोललास."

"एवढंसं तर आहे. लग्नाला त्यांना गाड्यांची काय कमी?"

कोर्टात खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराला उलटतपासणीत तीन-चार प्रश्नांत उघडं पाडणारा माणूस होता तो. स्वतःला मात्र त्याने एकही प्रश्न विचारला नाही. उलट दोन-तीन दिवसांत ती गोष्ट विसरूनही गेला.

मे उजाडला. लग्नाच्या आधीच्या रविवारी गाडीवाल्या दोस्तांची चिखलदऱ्याला जायची टूम निघाली. सात-आठ गाड्या, सगळ्या सजवलेल्या, पहाटे निघून परतवाड्यावरून घाटात. गौरांग सगळ्यांत पुढे होता. घाटातल्या वळणांवर गाडी त्याच्या हातात अशी काही बोलत होती की परत येताना तो गाणं गुणगुणत होता.

मंगळवारी सकाळी तो कोर्टात जायला निघतच होता, तर मामांचा फोन.

"भाचेराव, घरीच थांब. मी येऊन राहिलो. बोरगाव सोडलं आत्ताच."

"काय झालं मामा? इतक्या सकाळी?"

"अरे, तुह्या गाडीचा पंप भेटला! अकोल्यात सारी दुकानं पालथी घातली, नाही भेटला. मंग नागपूरहून एकानं ट्रॅव्हल्सनं पाठवला. आन आपल्या देवमनले घेऊन येऊन राहिलो, माह्या ट्रॅक्टरचं सारं तोच पाहते. आजच बसवून टाकतो म्हणलं."

"मामा, अहो... तीन दिवसांवर लग्न आलं. तुम्ही कशाला..."

"मले घरात कोणी उभं राहू देऊन नाही राहिलं. तुही मामी म्हणते, पायात पायात येऊ नका. अन् आयक, लग्नाले गाडी पाहिजे म्हणून नाही येऊन राहिलो मी. नवरीसाठी दुसरी गाडी पाहून ठेवली. मले आपलं वाटलं, का तू त्या गाडीवाचून कसा राहत असशीन. तुह्या जिवाचा तुकडा आहे थो."

फोन बंद झाला. गौरांग खिडकीशी गेला. खाली पार्किंगमध्ये गाडी उभी होती, रविवारच्या घाटातली धूळ कालच धुऊन काढलेली, धडधाकट, आरशासारखी.

खरं सांगून टाकायला तेव्हाही वेळ होता. मामांना बडनेऱ्याला पोचायला तास तरी लागणार होता. फोन उचलून तो म्हणू शकला असता की मामा, मागे फिरा, मी खोटं बोललो. त्याने फोन हातात घेतलाही. पण मामांच्या गाडीत देवमन बसलेला, तो शेजारी बसून सगळं ऐकणार, आणि मामा त्याच्यासमोर काय तोंड करतील, हे मनात आलं आणि त्याने फोन खिशात टाकला. मग अंगातला पांढरा शर्ट काढून फेकला, पान्यांची पेटी उचलली आणि जिना उतरला.

पुढचा तासभर त्याने जे केलं ते एरवी त्याने कुणाला कुठल्याही गाडीला करू दिलं नसतं. बॉनेट उघडलं, बॅटरी काढली, रेडिएटरची नळी ओढून काढली. हिरवं कूलंट फरशीवर वाहत गेलं, त्याला खाली टब लावायचं भान राहिलं नाही. पंखा काढला. बेल्ट ओढून काढला. बोल्ट जिथे पडतील तिथे पडू दिले. घामाने डोळे चुरचुरत होते. पंपाचे बोल्ट निघत गेले, शेवटचा एक मात्र अडून बसला. एरवी त्याने तेल सोडलं असतं, वाट पाहिली असती, हलक्या हाताने मागेपुढे केलं असतं. आज त्याने पान्याला लांब पाईप लावला आणि सगळा जोर काढला.

कट्‌ असा आवाज झाला. बोल्टचं डोकं तुटून हातात आलं, बाकीचा तुकडा आत इंजिनातच राहिला.

गौरांग तसाच उभा राहिला. इतका वेळ खोटी असलेली गोष्ट आता खरी झाली होती. गाडी खरोखरच बिघडली होती.

मागे चारुता पाण्याची बाटली घेऊन उभी होती. ती केव्हा आली ते त्याला कळलं नव्हतं. तिने फरशीवरचं पाणी पाहिलं, विखुरलेले बोल्ट पाहिले, त्याच्याकडे पाहिलं.

"मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "कुणी विचारलं नाही तर गप्प बसेन. तेवढंच."

त्याने मान हलवली. निघालेला पंप, चांगला, नवाकोरा वाटावा असा, त्याने फडक्यात गुंडाळला आणि जिन्याखालच्या भंगाराच्या पोत्यात खाली दडवला.

मामा आले ते हसतच. डोक्याला दुपट्टा बांधलेला, काखेत आंब्यांची टोपली. मागून देवमन, सडपातळ, अबोल माणूस, हातात हत्यारांची थैली. मामांनी उघड्या गाडीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कळवळला.

"काय दशा झाली रे हिची! जुना पंप कोठी आहे?"

"भंगारात दिला," गौरांग म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

देवमनने वाकून पाहिलं. "बोल्ट तुटला आतमदी. त्यालेच टाइम लागन."

आणि लागलाच. देवमन आधी पंच मारून, मग बारीक ड्रिलने तो तुकडा कोरत बसला. इंजिनाला धक्का न लावता काढायचा म्हणजे जीव खाणारं काम. मेचं ऊन. पार्किंगवर पत्रे होते, ते तापून खाली नुसती भट्टी झाली. मामा टॉर्च धरून उभे. गौरांग दर थोड्या वेळाने म्हणायचा, "मामा, तुम्ही वर जाऊन कूलरपुढे बसा ना." मामा म्हणायचे, "तू बस. तुले उन्हाची सवय नाही. मी शेतकरी माणूस."

दुपारी चारुताने जेवायला बोलावलं. मामा दोन पोळ्या खाऊन लगेच खाली आले. जेवताना ते चारुताला सांगत होते, "हा लहान होता ना, तं जीपच्या खाली जाऊन झोपे. ताई आवाज देऊन देऊन थके. मी म्हणो, सापडन कोठी, जीपखालीच असन." चारुता ताटात पाहत राहिली.

ऊन कलल्यावर तुटका तुकडा एकदाचा निघाला. देवमनने तो तळहातावर घेऊन दाखवला तेव्हा मामांनी टाळी वाजवली. मग नवा पंप बसला, बेल्ट चढला, कूलंट भरलं, बॅटरी जोडली. शेवटी पंखा जागेवर बसवताना मामा एका बाजूने धरून होते. पाना निसटला आणि मामांचं उजव्या हाताचं बोट पंख्याच्या पट्टीत सापडलं. नख काळं पडलं, बोटाच्या पेरावरून कातडी उचकटली, रक्ताची धार लागली.

"काही नाही, काही नाही," मामा म्हणत होते. चारुता धावत हळद आणि पट्टी घेऊन आली. गौरांग मामांचा हात धरून उभा होता आणि त्याला मामांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

"डॉक्टरकडे जाऊ मामा."

"आधी स्टार्ट कर. ऐकू दे मले."

त्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मामा बोट वर धरून हसले. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं, आणि ते असे हसत होते की जसं काही त्यांच्याच घरी पोर जन्माला आलं.

गाडीतून उतरून गौरांग म्हणाला, "मामा, नवरीची गाडी हीच. मी स्वतः चालवतो."

"खरंच?" मामांचे डोळे भरून आले. "अरे पण तुह्या रंगाले..."

"हीच," तो म्हणाला. रंगाचं नाव मामांच्या तोंडून ऐकून त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शुक्रवारी जठारपेठेजवळच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. गाडीच्या सजावटीला आलेल्या माणसाने विचारलं, "साहेब, टेप लावला तं चालन?" गौरांग म्हणाला, "लावा." झेंडूच्या माळा, निशिगंधाचे गुच्छ, दारावर दोघांची नावं. तो बाजूला उभा राहून बघत होता, आणि आतून त्याला बरं वाटण्याऐवजी आणखीच वाईट वाटत होतं, कारण येणारा-जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारत होता. मामांनी मंगळवारची गोष्ट सगळ्या गोतावळ्यात पसरवली होती. "हा महादेवरावचा भाचा. गाडी पार खोलून पडली होती, पण बहिणीसाठी उभी केली पठ्ठ्यानं." आत्या, काकू, चुलतभाऊ, सगळे येऊन कौतुक करून जात. तो हसत होता आणि नजर जमिनीवर ठेवत होता. लोकांना तो विनय वाटला.

कन्यादानाच्या वेळी गुरुजींनी मामांना ओंजळ पुढे करायला सांगितलं. गोदामामी झारीने पाण्याची धार धरत होत्या. मामांच्या बोटाची पट्टी भिजली आणि पाण्यात हळदीबरोबर किंचित लालसर रंग उतरला. गुरुजींनी काळजीने पाहिलं. मामा म्हणाले, "चालू द्या." फोटोग्राफरने नेमका त्याच वेळी फोटो घेतला. गौरांग मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, तो तिथून बाहेर निघून गेला आणि हात धुवायच्या नळावर तोंड धुत बराच वेळ उभा राहिला.

संध्याकाळी बिदाई झाली. आचल रडून रडून लाल झालेली, मामा तर लहान पोरासारखे हुंदके देत होते. नवरा मुलगा शुभम परतवाड्याचा, बँकेत नोकरीला, बोलका आणि मनमोकळा. दोघं मागे बसले, पुढे गौरांगशेजारी मुलाकडची एक म्हातारी आत्या, ती अकोट यायच्या आधीच झोपली. गाडी अंजनगावच्या रस्त्याला लागली. आचलचे हुंदके थांबले तेव्हा शुभमने तिचं मन रमवावं म्हणून बोलायला सुरुवात केली.

"दादा, तुमची गाडी म्हणजे खरंच एक नंबर. मी तं आधीच पाहिली होती. तवा मले मालूम नव्हतं का आपल्याच घरची आहे म्हणून."

"कुठे?" गौरांगने विचारलं. विचारताक्षणीच त्याला कळलं की विचारायला नको होतं.

"आमच्या चौकात, परतवाड्याले. मी मित्रासंग चहा पिऊन राहिलो होतो. सात-आठ गाड्या घाटाकडे चालल्या होत्या, पयली हीच. काय आवाज! मी फोटोच काढला."

"कधी?" हा आवाज आचलचा होता, रडण्याने बसलेला.

"ह्याच रविवारी. पाय ना."

आरशात गौरांगला दिसलं, की शुभमने फोन तिच्यापुढे धरला. तिच्या तोंडावर त्या फोनचा उजेड पडला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने आरशात वर पाहिलं आणि दोघांची नजर एक झाली. गौरांगने रस्त्याकडे नजर वळवली.

"छान आलाय," आचल म्हणाली आणि फोन परत दिला. मग थोड्या वेळाने, "दादा, एसी कमी कर थोडा. थंडी वाजते."

त्यानंतर परतवाड्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. दारात उतरल्यावर, माप ओलांडायला जायच्या आधी, ती त्याच्या पाया पडायला वाकली. तो मागे सरला, पण तिने पाय शिवलेच. वाकल्या वाकल्या हळूच म्हणाली, "बाबाले सांगू नको. लई हौसेनं केलं रे त्यानं." आणि पदर सावरत आत गेली.

परतीच्या वाटेवर तो एकटा होता. घरी पोचल्यावर त्याने टेप काढला. बॉनेटवर कोटिंग निघून एक पट्टा फिका पडला होता. चारुता म्हणाली, "निघेल का पॉलिशने?" तो म्हणाला, "राहू दे."

आचल आणि शुभम पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मामांनी गौरांग-चारुताला आग्रहाने बोलावलं. जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. जठारपेठेतल्या त्या घरात कूलरची घरघर, पाटवड्यांच्या रश्शाचा वास, जावयासाठी नवीन चादर. मामांच्या बोटाची पट्टी सुटली होती, नख मात्र काळंच होतं. गप्पांत शुभमने ते पाहून विचारलं, "बाबा, हे काय लागलं?"

मामांना तेवढंच हवं होतं. ते पाट सरकवून बसले आणि त्यांनी ती गोष्ट मन लावून सांगायला घेतली. पंपासाठी कुठे कुठे फिरले, नागपूरच्या माणसाने कसा नकार दिला आणि मग कसा पाठवला, देवमनने तुटका बोल्ट कसा काढला. "दीड महिना गाडी बंद होती याची. बिचारा बायकोच्या स्कूटरवर कोर्टात जाऊन राहिला होता..."

आचल उठली. "आई, मी वाढायला घेते," म्हणाली. जाता जाता तिने शुभमच्या खांद्याला हात लावला, पण त्याला त्याचा अर्थ कळला नाही. नवऱ्याला तिने काही सांगितलं नव्हतं. आपल्या माहेरच्या माणसाची गोष्ट नव्या घरात कशी सांगणार होती ती?

"दीड महिना?" शुभम हसत म्हणाला. "नाही बाबा, तुमची काहीतरी गलती होऊन राहिली. लग्नाच्या आधीच्या रविवारी तं मी..."

"शुभम!" आचल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

तो थांबला. त्याने आचलकडे पाहिलं, मग गौरांगकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"काय रविवारी?" मामांनी विचारलं.

"काही नाही बाबा."

"सांग ना, काय?"

"गाडी... परतवाड्याले पाहिली होती. चिखलदऱ्याकडे जाताना."

मामा गौरांगकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता गोंधळ होता. आणि मग, हे गौरांग पुढे कधीच विसरू शकला नाही, मामांनीच त्याच्यासाठी वाट काढून दिली.

"दुसरी असन कोणाची. निळ्या गाड्या काय कमी आहेत? नाही काय, भाचेराव?"

हो म्हणायचं होतं फक्त. मामांना तेच ऐकायचं होतं, दारात उभ्या असलेल्या आचलला तेच ऐकायचं होतं. गौरांगने चारुताकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

"नाही मामा," तो म्हणाला. "माझीच होती."

मामांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"गाडी बिघडलीच नव्हती. रंग खराब होईल म्हणून मी खोटं बोललो. तुमचा फोन आला तेव्हा मीच घाईघाईने खोलली. पंप चांगला होता. तो बोल्टही मीच तोडला."

मामांनी हातातल्या पंच्याची घडी केली, उलगडली, पुन्हा घातली. "देवमन दिवसभर ड्रिल घेऊन..." ते म्हणाले. मग, "नाही देत म्हणायचं होतं रे. मी काय जबरदस्ती करणार होतो? वाईट वाटलं असतं. वाटू द्यायचं होतं."

"चुकलं, मामा."

"हं." मामा उठले. कूलरमध्ये पाणी कमी झालंय असं काहीतरी पुटपुटत बादली घेऊन मागे गेले.

जेवणं झाली. मामांनी नेहमीसारखाच आग्रह केला. गौरांगच्या वाटीत रस संपलेला पाहून त्यांनीच पळी पुढे केली, "घे, घे." त्याने नको म्हटलं तर म्हणाले, "पोटभर खाय, बापा." मामांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या हात जोडून घेतल्या असत्या. निघताना गोदामामी फाटकापर्यंत आल्या. मामा आत पडले होते, ऊन लागलं म्हणाले.

मूर्तिजापूर मागे पडलं. मग चारुता म्हणाली, "मलाही लाज वाटतेय. मी त्या दिवशी गप्प बसले. त्यांना जेवायला वाढलं आणि गप्प बसले."

त्याने गाडीचा वेग कमी केला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. सणाला फोन झाले, दोन्ही बाजूंनी नेमस्त बोलणं झालं. नातेवाइकांच्या एका बारशात कुणीतरी मामांना म्हणालं, "ते गाडीचं सांगा ना, बोल्ट तुटला होता ते." मामा म्हणाले, "राहू द्या ना आता," आणि कापसाच्या भावाचं बोलायला लागले. गौरांग तिथेच होता. गाडी तो चालवत होता, तेल वेळेवर बदलत होता, धूतही होता. पण गाडीवाल्या दोस्तांबरोबर तो पुन्हा गेला नाही. त्यांनी विचारलं तर वेळ नाही म्हणायचा. आणि तेही खोटंच, असं त्याच्या मनात यायचं.

मार्गशीर्षात एका सकाळी मामांचा फोन आला. स्क्रीनवर नाव पाहून त्याला दोन क्षण उचलवेना.

"भाचेराव, एक काम होतं," मामा म्हणाले. "तुह्या मामीले रिद्धपूरले जायचं. तिच्या माहेरचा नेम आहे, दर्शनाचा. अमरावतीवरूनच जा लागते. तुह्या ओळखीचा कोणी टॅक्सीवाला असन तं सांग. भरवशाचा पाहिजे."

"मी नेतो ना मामा," गौरांग घाईने म्हणाला. "अकोल्याहून घेऊन जातो तुम्हाला. सकाळी येतो."



"नाही रे. आमी पाच जण होतो. अन् तथला रस्ता खराब आहे. टॅक्सीच बरी." मामांच्या आवाजात टोमणा नव्हता, कडवटपणाही नव्हता. ते खरोखरच त्याच्या गाडीची काळजी करून बोलत होते. "नंबर पाठव फक्त."

त्याने एक नंबर पाठवला. मग त्या ड्रायव्हरला स्वतः फोन लावून बजावलं, की म्हातारी माणसं आहेत, मामींचे गुडघे दुखतात, मधे मधे थांबत जा, घाई करू नको. ड्रायव्हर म्हणाला, "तुमचे कोण लागतात साहेब?" गौरांग म्हणाला, "मामा."

दर्शन करून परतताना दुपारी टॅक्सी त्याच्या दारात थांबली. गोदामामी प्रसाद द्यायला उतरल्या, चारुताने त्यांना आत नेलं. मामा पुढच्या सीटवरच बसून होते. गौरांग खाली आला आणि खिडकीशी वाकून उभा राहिला.

"मामा, चहा घ्या ना वर येऊन."

"उशीर होईन. अंधार पडायच्या आत पोचलेलं बरं." मामा समोरच्या काचेकडे पाहत होते. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि थकल्यासारखं थोडंसं हसले. "ड्रायव्हर चांगला दिला, बापा. लय सांभाळून नेलं त्यानं."

"हो," गौरांग म्हणाला.

मामी येईपर्यंत तो तसाच खिडकीशी उभा राहिला. टॅक्सी वळून बडनेरा रोडकडे लागली तेव्हा मामांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. त्यानेही हलवला.